बावीस पावलं

आमच्या घरात पाच जोर म्हणजे व्यायाम नव्हे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

माझे वडील, म्हणजे आबा, शिवाजी पेठेतल्या एका तालमीत चाळीस वर्षं घुमले. कुस्ती सुटली, गुडघे गेले, डावा खांदा अडकून बसला, पण एक नेम सुटला नाही. पहाटे अंघोळ झाली की मारुतीच्या तसबिरीसमोर पाच जोर. त्याला ते 'नमनाचे जोर' म्हणतात. खरा व्यायाम त्याच्यानंतर सुरू होतो. घरात जन्मलेल्या प्रत्येकाला, पोरगा असो की पोरगी, नीट चालता यायला लागलं की हे पाच जोर शिकवले जातात. अंगात ताप असला तरी निदान जमिनीला हात टेकवून यायचं. खाडा चालत नाही. मी लग्न होऊन गेले तरी माहेरी मुक्काम पडला की चहाच्या आधी पाच जोर आपोआप व्हायचे, दात घासल्यासारखे.

तर ऑपरेशननंतर सव्विसाव्या आणि सत्ताविसाव्या दिवशी मी ते पाच-पाच जोर मारले. अठ्ठाविसाव्या दिवशी डॉक्टर आयेशा मुजावर यांनी "काही व्यायाम केला का?" असं विचारलं, तेव्हा मी ठणकावून सांगितलं, "छे हो, काही नाही." मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं.

ऑपरेशन स्तन लहान करण्याचं होतं. कुणाला लाजायचं असेल तर इथं थांबून लाजून घ्या, मी पुढं जाते. छत्तीस वर्षांची मी, शाळेत भूगोल शिकवते. बावीस वर्षं ते ओझं वागवलं. दोन्ही खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांनी बोट बसेल असे चर पडले होते. उन्हाळ्यात घडीखाली पुरळ उठायचं. फळ्यावर वरच्या बाजूला हिमालय काढायचा म्हटलं की मानेतून कळ निघायची, म्हणून माझ्या वर्गातला हिमालय कायम फळ्याच्या मध्यावर असायचा. तरीही नातेवाइकांत त्याचं नाव 'शोभेचं ऑपरेशन' असंच पडलं. जयसिंगपूरच्या माझ्या सासूबाई, आक्का, म्हणाल्या, "देवानं दिल्यालं कापून टाकतंय व्हय कोण? लोकं वाढवून घ्यायला बघत्यात!" नवरा विश्वजित एवढंच म्हणाला, "पाठ तुझी हाय, तू ठरव." त्या एका वाक्यावर मी त्याचे मागचे दहा गुन्हे माफ केले.

पण पाठ हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं कारण म्हणजे माझी पोरगी, राजनंदिनी.

नंदू साडेबारा वर्षांची. सातव्या वर्षापासून पोहते. पाण्यात पडली की तिला हाक मारून उपयोग नसतो, दमली तरच वर येते. या जानेवारीत तिचं बिनसायला लागलं. कधी पोटात दुखतंय, कधी चष्मा हरवलाय, कधी उद्या परीक्षा आहे. एका सकाळी मी तिला सोडून परत न जाता गॅलरीत बसून राहिले. कपडे बदलायच्या खोलीच्या दारापासून टँकच्या काठापर्यंत बावीस पावलं आहेत, आणि ती सगळी गॅलरीसमोरून जातात. नंदू दारातून बाहेर आली ती टॉवेल गळ्यापासून गुडघ्यापर्यंत आवळून. खाली मान घालून भराभरा चालली, काठावर पोचली, टॉवेल टाकला आणि त्याच क्षणी पाण्यात. गॅलरीत माझ्या पुढच्या पायरीवर तीन मोठी पोरं बसली होती. त्यातलं एक काहीतरी म्हणालं आणि बाकीची दोन खिंकाळली.

ती बावीस पावलं मला तोंडपाठ होती. मीही ती मोजलेली आहेत.

मला आबांनी आजोळच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकवलं. दहाव्या वर्षी मी पंचगंगा आरपार करून परत आले होते, आणि आबांनी अख्ख्या पेठेत पेढे वाटले होते. चौदाव्या वर्षी, ह्याच टँकवर, ह्याच गॅलरीतून, माझ्या अंगाबद्दल एक वाक्य आलं. ते मला अजून आठवतं, पण इथं लिहिणार नाही, त्याला तेवढा मान द्यायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून मी टॉवेल गुंडाळायला लागले. मग कान दुखायला लागला. मग दहावी आली. घरात कुणी विचारलं नाही. पोरी मोठ्या झाल्या की पाणी सोडतात, असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

त्या दिवशी स्कूटीवरून घरी येताना नंदू मागून म्हणाली, "मी स्विमिंग सोडणार हाय."

"का?"

"असंच."

"असंच कुणी सोडत न्हाय."

"तू सोडलंस की. तुला कोण विचारलं?"

मी गाडी बाजूला घेतली. ट्रॅफिकच्या नावानं थांबले असं दाखवलं, पण रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चटकन तोंडातून निघून गेलं, "आणि मी परत उतरलो तर?"

"तू? पाण्यात?"

"मी. एक मेला उन्हाळी बॅच सुरू हुतीय ना, त्या दिवशी. तवर तू सोडायचं न्हाय."

ती म्हणाली, "शप्पथ? न्हाय उतरलीस तर मी दोन तारखेपासनं घरात बसणार. मग परत परत म्हणायचं न्हाय."

"शप्पथ."

ऑपरेशनचा विचार दोन वर्षं नुसता डोक्यात फिरत होता. दुसऱ्याच दिवशी जाऊन मी तारीख घेतली. दहा मार्च. मला वाटत होतं, ओझं गेलं की पाणी आपोआप परत मिळेल. सात आठवड्यांत मी काठावर असेन, आणि पोरगी माझ्यासारखी बावीस वर्षं वाया घालवणार नाही. तिच्यासाठी मला तेवढं करायचंच होतं.

डॉक्टरांनी सगळं आधीच स्पष्ट सांगितलं होतं. पहिल्या दिवसापासून चालायचं. हात खांद्याच्या वर नाही, बादली नाही, कुकर उचलायचा नाही. चौथ्या आठवड्यापासून पायांचा हलका व्यायाम चालेल. छातीला ताण पडेल असं काही दोन महिने तरी नाही. आणि पाणी, टँकचं असो की नदीचं, सहा आठवडे तर नाहीच, आणि त्यानंतरसुद्धा जखमेचा टाका न् टाका मिटलेला असेल तरच. मी वहीत लिहून घेतलं. वही उशाखाली ठेवून माहेरी झोपले, कारण आमच्याकडं दुखणं कुठलंही असो, ते माहेरीच निवांत बरं होतं अशी समजूत आहे. नंदूही माझ्याबरोबर आली.

आणि चौथा आठवडा संपता संपता बरं वाटत होतं म्हणून लागोपाठ दोन पहाटे आबांच्या शेजारी जाऊन पाच-पाच जोर मारले. वहीत 'जोर' हा शब्दच नव्हता.

तर अठ्ठाविसाव्या दिवशी डॉक्टर माझी जखम बघत होत्या. डाव्या स्तनाखाली, जिथं उभा आणि आडवा टाका एकमेकांना भेटतात, तिथं चिंचोक्याएवढी जागा उघडली होती.

"काही जड उचललं?"

"नाही."

"हात वर ताणले?"

"नाही."

"व्यायाम?"

"छे हो."

"मग हे कशानं उघडलं?"

माझी आई, तानाबाई, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. तिला माझा कैवार घ्यायचा होता. ती म्हणाली, "डॉक्टरीणबाई, पोरीनं हिकडची काडी तिकडं केल्याली न्हाय. सकाळचं नमनाचं पाच जोर तेवढं सोडलं तर नुसती बसून हाय बघा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "जोर?"

"नमनाचे," मी म्हणाले.

"क्रांतीताई, मी पण इथलीच हाय. माझा चुलता तालमीत जायचा. जोर काय असतोय ते मला सांगू नका." मग त्या पुन्हा शुद्ध मराठीत आल्या. "अंगाचं सगळं वजन हातांवर आणि छातीवर येतं. जखमेला मारुती कळत नाही, ताण कळतो. आता ड्रेसिंग एक दिवसाआड. ही जागा आतून भरत भरत वर येईल, तिला तिचा वेळ लागेल. घाई केलीत, पाणी लागलं, पू झाला, तर अजून दोन महिने घालवाल."

"एक मेला उतरायचं होतं मला."

"एक मे विसरा."

घरी पोचल्यावर आईनं आबांना काय सांगितलं कोण जाणे, त्या दिवशी आबा जेवायला आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मी अंथरुणात पडून त्यांचं मोजणं ऐकत होते. एक. दोन. तीन. चार. पाच. मग थोडं थांबून, सहा. सात. प्रत्येक आकड्याला डावा खांदा कुरकुरत असणार, आवाजावरूनच कळत होतं. मी उठून दारात जाऊन उभी राहिले.

"आबा, दहा?"

"पाच माझं, पाच तुझं," ते घाम पुसत म्हणाले. "चूक माझीबी हाय. मीच शिकिवलंय, खाडा करू नको म्हणून. आता तू बरी हुईस्तवर तुझं मी मारतो. तू हात लावायचा न्हाय."

मला रडू फुटलं. सत्तरीच्या माणसानं दुखऱ्या खांद्यानं माझे जोर मारायचे, आणि मी भिंतीला टेकून ऐकत राहायचं! त्या दिवसापासून मी ठरवलं की आता वहीतलं अक्षर न् अक्षर पाळायचं. सकाळ-संध्याकाळ रंकाळ्यावर चालायला जायचे, हात खाली. ओळखीची माणसं विचारायची, "काय मॅडम, वजन कमी करायलाय?" मी म्हणायचे, "केलंय आधीच." ड्रेसिंगची वेळ चुकवली नाही. चिंचोक्याचा हरभरा झाला. हरभऱ्याची तूर झाली.

एप्रिल संपत आला तरी ती तूर जाईना. एकोणतीस तारखेला डॉक्टर म्हणाल्या, "छान भरतंय, पण उघडं आहे. पाणी नाही."

"बरं. पाण्यात नाही. पण कॉश्च्युम घालून नुसती काठावर उभी राहू?"

त्या हसल्या. "उभं राहायला कोण नको म्हणतंय? आधाराची ब्रा आतून राहू दे, कॉश्च्युम सैल घ्या, आणि ड्रेसिंगवर थेंब पडू देऊ नका."

हे मी नंदूला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. जखम आहे हे तिला माहीत होतं, पण 'एक मेपर्यंत मिटतंय बघ' असं मीच रोज म्हणत आले होते. माझं धाडस झालं नाही, एवढंच खरं.

एक मेच्या सकाळी माझ्या पिशवीत एक पाकीट होतं. पाणी न शिरणारी चिकटपट्टी. औषधाच्या दुकानातला माणूस म्हणाला होता, "बिनधास्त उतरा ताई, काय हुत न्हाय." कपडे बदलायच्या खोलीत मी ती पट्टी हातात घेऊन बसले. बाहेर शिट्टी वाजत होती, क्लोरीनचा वास येत होता, बावीस वर्षांनी अंगावर कॉश्च्युम होता. दोन मिनिटं उतरून वर आले तर कुणाला कळणार होतं? पोरीला दिलेला शब्द राहिला असता. पण आमच्या घरातल्या बिनधास्तपणाचं फळ मी चिंचोक्याएवढं बघितलं होतं. पट्टीची कड सुटली, पाणी शिरलं, तर जूनही गेला आणि जुलैही. पाकीट मी कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

मग दार उघडून बाहेर आले. टॉवेल घेतला नाही. गॅलरीत माणसं होती आणि त्यांनी बघितलं. मी मान वर ठेवली आणि मोजत चालले. बाविसाव्या पावलाला काठ आला.

नंदू आधीच तिथं बसली होती. पाय पाण्यात, गळ्यापासून टॉवेल. माझ्याकडं बघून ती खुदकन हसली. "उतर!"

"न्हाय उतरत, नंदू. जखम अजून उघडी हाय. डॉक्टर न्हाय म्हणाल्या."

तिचं हसू गेलं. "कधी म्हणाल्या?"

"परवा."

"आणि तू आत्ता सांगायलीस?"

"चुकलंच माझं. पण मी बाहेर आलो ना? टॉवेल न घेता चालत आलो. जखम मिटंपर्यंत रोज येतो, आणि मग..."

"तुला काय हुतंय यायला!" ती एवढ्या जोरात म्हणाली की पलीकडच्या लेनमधली पोरं थांबली. मग तिनं आवाज दाबला. "तू कापून घेतलंस. आता तुला कोण बघतंय? माझ्याकडं बघत्यात. मी काय करू? मी पण मोठी झाल्यावर कापून घेऊ?"

तिच्या शेजारी मला खाली बसावंच लागलं. ऑपरेशनच्या टेबलावर भीती वाटली नव्हती तेवढी त्या वेळी वाटली. माझ्या सगळ्या खटाटोपातून पोरीनं हेच उचललं होतं, की अंग कमी केलं की मग पाण्यात जाता येतं. आणि तिची चूक नव्हती, मलाही तसंच वाटत होतं.

"न्हाय," मी म्हणाले. "ऐक. पाठ दुखत होती म्हणून मी ऑपरेशन केलं, आणि ते केलं ते बरंच केलं. पण पाणी सोडलं तवा माझी पाठ दुखत नव्हती. तवा माझं वय चौदा, आणि एका पोराच्या एका वाक्याला भ्यालो. तवाच उतरायला पाहिजे होतं. जसं होतं तसं, तेवढ्या अंगानं. ते मी केलं न्हाय. त्याचं ऑपरेशन कुठल्या डॉक्टरकडं हुत न्हाय."

तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. ती उठली, टॉवेल आवळला आणि आत गेली. कपडे बदलून ती, आमच्याबरोबर येऊन गॅलरीत बसलेल्या आबांकडं गेली आणि म्हणाली, "आबा, घरी." आबांनी लांबून माझ्याकडं बघितलं, मग ते तिला घेऊन गेले.

दोन तारखेला ती उठली नाही. ठरल्याप्रमाणे घरात बसली. मी एकटी टँकवर गेले, कॉश्च्युम घातला, बावीस पावलं चालले आणि काठावर उभी राहिले. वेड्यासारखं दिसत असणार. पण 'रोज येतो' म्हणाले होते, आणि एका आठवड्यात दोन शब्द मोडायचे नव्हते. पोरींना शिकवणाऱ्या प्रियदर्शनी मॅडमनी थोडा वेळ बघितलं आणि माझ्या हातात स्टॉपवॉच दिलं. "उभीच हायस तर पोरींची वेळ घे की." तीन तारखेलाही मी तेच केलं. घरी नंदू माझ्याशी मीठ-भाकरीपुरतंच बोलत होती.

चार तारखेच्या पहाटे आबांचं मोजणं पाचावर थांबलं. मला वाटलं, खांदा गेला त्यांचा. मी धडपडत उठणार तेवढ्यात एक बारीक आवाज आला, "सहा." मग, "सात." दारातून बघितलं तर आबा भिंतीला टेकून बसले होते, आणि नंदू तसबिरीसमोर जोर मारत होती. दहा झाल्यावर ती उठली, हात झटकले आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "आबांचा खांदा सुजलाय. तुझं पाच मी मारलं."

"बरं केलंस."

तिनं पोहायची पिशवी खांद्यावर टाकली. "पाण्यातलं पण तुझं आता मीच मारायचं काय?"

"व्हय. मला उतरू देईपर्यंत. रोज दोन फेऱ्या माझ्या."

"दोनच?"

"सुरुवातीला दोनच. मी चौदाव्या वर्षानंतर पाण्यात न्हाय."

ती हसली नाही, पण स्कूटीवर मागं बसली.

मग सगळा मे महिना असाच गेला. मी टॉवेल न घेता पुढं चालायचे, नंदू टॉवेल आवळून माझ्या मागं. काठावर पोचली की ती टॉवेल माझ्या अंगावर फेकायची आणि त्याच झटक्यात पाण्यात उडी. तो टॉवेल झेलणं हे माझं कामच झालं होतं. पाण्यातून वर यायची तेव्हा मी तो उघडून धरलेला असायचा. स्वतःच्या फेऱ्या झाल्या की ती दोन बोटं दाखवायची, म्हणजे आता आईच्या दोन. त्या दोन ती जरा हळू मारायची. मला वाटलं दमत असेल, तर म्हणाली, "तू एवढ्या जोरात कुठं मारणार हायस?"

तूर गेली, मसूर झाली, मोहरी झाली. पंचवीस मेला डॉक्टर म्हणाल्या, "मिटलं. पण वरची कातडी अजून कच्ची आहे, दोन आठवडे थांबा." मी एका शब्दानंही वाद घातला नाही. बहुतेक त्याचंच त्यांना जास्त नवल वाटलं.

नऊ जूनला त्यांनी परवानगी दिली. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, हातात फळी आणि नुसते पाय. पुढच्या आठवड्यात हळूहळू हात, तेही दुखलं, ओढ बसली किंवा लाल झालं तर लगेच बाहेर. उन्हात व्रण झाकून ठेवायचे. पोहून झाल्यावर लगेच अंघोळ, ओल्या कॉश्च्युममध्ये बसायचं नाही.

"आणि जोर?" मी विचारलं.

"जुलैच्या आधी नाही," डॉक्टर म्हणाल्या. "नमनाचे पण नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत आबा आणि आई सगळ्यात खालच्या पायरीवर येऊन बसले. आईनं डब्यात शिरा आणला होता, जणू मी सासरी निघाले होते. वरच्या पायरीवर ती तीन पोरंही होती. मी बावीस पावलं चालले, शिडीचा गार दांडा धरला आणि एक एक पायरी खाली उतरले. पाणी गुडघ्याला, कमरेला, मग छातीला लागलं. व्रणाला थोडं कळलं, दुखलं नाही. फळी पुढं धरून मी पाय मारायला लागले. पहिल्या दहा फुटांत दम लागला. पंचगंगा आरपार करणारी पोरगी कुठं गेली म्हणून स्वतःचाच राग आला, आणि लगेच गेला, कारण पाणी तेच होतं आणि त्यानं मला ओळखलं होतं. निदान मला तसं वाटलं. आबा वरून ओरडले, "दमानं! खाडा न्हाय झाला, लई झालं!"

एक फेरी करून मी काठ धरला आणि मागं बघितलं. नंदू अजून कपडे बदलायच्या खोलीच्या दारातच उभी होती. टॉवेल गळ्यापासून गुडघ्यापर्यंत.

"ये की!" मी हाक मारली.

"टॉवेल कोण धरणार?"

माझे दोन्ही हात ओले, एक काठावर, एक फळीवर. महिनाभर मी तो टॉवेल झेलला होता आणि मला वाटत होतं की मी तिला मदत करतेय.

"कुणी न्हाय," मी म्हणाले. "मी पाण्यात हाय."

ती तिथंच उभी राहिली. वरच्या पायरीवरची पोरं काहीतरी कुजबुजली. आबांनी मागं वळून त्यांच्याकडं नुसतं बघितलं, पण त्यांना काही बोलले नाहीत. बोलू नका म्हणून मीच सांगून ठेवलं होतं. हे तिचं तिनं करायचं होतं आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. मी काठ धरून राहिले.

नंदूनं टॉवेल सोडला. दाराशेजारच्या खिळ्याला तो लटकवला, एकदा निसटला, खाली पडला, तो वाकून उचलून परत नीट लटकवला. मग ती निघाली. मान खाली नव्हती. भराभराही चालत नव्हती. मी मनात मोजत होते. पाच. नऊ. चौदाव्या पावलाला ती अडखळली, माझ्याकडं बघितलं, आणि पुन्हा चालायला लागली. बाविसाव्या पावलाला काठावर येऊन थांबली. लगेच उडी मारली नाही. दोन्ही हात कमरेवर ठेवून, सगळ्या गॅलरीसमोर, ती माझ्याकडं बघत उभी राहिली.

"किती झाल्या?" तिनं विचारलं.

"एक."

"दुसरी तुझी तू मार," ती म्हणाली, आणि माझ्या शेजारच्या लेनमध्ये तिनं उडी घेतली.